हसणारा कुत्रा, रडणारी गाय: जनावराचा चेहरा वाचायचा कसा

माणदेशात आमच्या आजोबांकडे खिलार बैलांची जोडी होती. मे महिन्याच्या सुट्टीत मी गोठ्यात जाऊन थोरल्या बैलाच्या डोळ्यांत टक लावून बसायचे आणि घरात येऊन जाहीर करायचे की आज तो दुःखी आहे. आजोबा म्हणायचे, "त्येच्या त्वांडाकडं काय बघतियास? कानाकडं बघ की." स्वतः ते कानाच्या बुडाला हात लावून गार आहे की गरम ते बघायचे, मुस्कटावर दव धरलंय का ते पाहायचे, रवंथ चालू आहे ना याची खात्री करायचे, शेणाकडे एक नजर टाकायचे आणि पुढच्या कामाला लागायचे. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचं काम. 'दुःखी' हा शब्द त्यात कुठेच नसायचा.

आता पुण्यात भटक्या प्राण्यांच्या एका निवाऱ्यात मी रविवारी कामाला जाते. तिथे नव्याने येणारी मुलं पहिल्या दिवशी हमखास माझंच बालपण करतात. "ताई, हा बघा किती गोड हसतोय!" म्हणून ज्याच्या गळ्यात हात घालायला निघतात, तो कुत्रा भीतीने तोंडाच्या कडा मागे ओढून बसलेला असतो. कोपऱ्यात डोळे मिचकावत बसलेलं मांजर त्यांना 'शांत' वाटतं, आणि त्याच्या पोटात दुखत असतं.

आपण माणसांचे चेहरे जन्मभर तोंडावरून आणि भुवयांवरून वाचत आलो. तीच सवय जनावरांवर चालवतो आणि फसतो, कारण त्यांच्या चेहऱ्यातला जो भाग सगळ्यात माणसासारखा दिसतो, त्याच्यावरच सगळ्यात कमी भरवसा ठेवावा लागतो. म्हणून निवाऱ्यात मी मुलांना एक क्रम शिकवते. तोच इथे लिहिते आहे. घरी कुत्रं-मांजर असेल, गोठ्यात गुरं असतील किंवा नुसतं माथेरानला फिरायला जाणार असाल, तरी उपयोगी पडेल.

पहिली पायरी: नाव ठेवायच्या आधी वर्णन लिहा

एक वही घ्या. पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे फक्त दिसलेलं लिहायचं, उजवीकडे वाटलेलं. डावीकडे 'रुसलाय' लिहायला बंदी. 'कान मागे, तोंड मिटलेलं, मान भिंतीकडे, शेपूट खाली' असं लिहायचं. पहिल्या आठवड्यात डावी बाजू रिकामी राहते आणि उजवी भरून वाहते. हरकत नाही, सगळ्यांचं तसंच होतं.

शास्त्रज्ञांनाही हीच शिस्त लावून घ्यावी लागली. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रिसन यांनी १९७८ मध्ये माणसाच्या चेहऱ्यासाठी एक पद्धत मांडली. तिच्यात 'आनंद', 'राग' अशी नोंद नसते. कोणता स्नायू हलला आणि त्याने कातडी कुठे सरकली, एवढंच क्रमांकाने लिहायचं. पुढे याच धर्तीवर चिंपांझीसाठी २००७ मध्ये, कुत्र्यांसाठी २०१३ मध्ये आणि घोड्यांसाठी २०१५ मध्ये नकाशे तयार झाले. घोड्याच्या चेहऱ्याच्या सतरा हालचाली त्यात वेगवेगळ्या नोंदल्या आहेत. आपल्याला क्रमांक पाठ करायचे नाहीत. 'भुवई आतल्या बाजूने वर गेली' आणि 'बिचारा केविलवाणा झाला' ही दोन वेगळी वाक्यं आहेत, एवढं डोक्यात पक्कं बसलं तरी पुरे.

दुसरी पायरी: कायमचा चेहरा वजा करा

गरुड नेहमी रागावलेला दिसतो. त्याच्या डोळ्यांवर हाडाची पुढे आलेली कड असते, वळचणीसारखी. तो पोट भरून झाडावर निवांत बसला असला तरी ती कड तिथेच असते. डॉल्फिनचं हसू हा जबड्याचा आकार आहे. तो मेला तरी हसतच राहतो. ऑस्ट्रेलियातल्या रॉटनेस्ट बेटावरचा क्वोका हा छोटा प्राणी 'जगातला सगळ्यात आनंदी प्राणी' म्हणून सेल्फींमध्ये गाजला. तिथेही मामला जबड्याच्या ठेवणीचाच.

घुबडाचं उदाहरण मला फार आवडतं. त्याचे दोन्ही डोळे माणसासारखे समोर असतात आणि खोबणीत फिरत नाहीत, म्हणून ते मान वळवून एकटक बघतं. चेहऱ्याची ती गोल थाळी आवाज गोळा करून कानाकडे नेण्यासाठी असते. हाच चेहरा युरोपात शहाणपणाची खूण झाला आणि आपल्याकडे अपशकुनाची. घुबडाला यातलं काहीच ठाऊक नाही. बगळ्याच्या बाबतीतही आपण तेच केलंय. मासा टिपायला तो निश्चल उभा राहिला, तर आपण त्याच्या माथी बकध्यान मारलं आणि वर त्याला ढोंगीही ठरवलं.

पग जातीच्या कुत्र्याचं जरा वेगळं आहे. मोठे डोळे, चपटं नाक, गोल कपाळ हा साचा तान्ह्या मुलाचा आहे आणि तो बघून माणसाला माया येते, असं प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक कॉनराड लॉरेंझ यांनी १९४३ मध्येच मांडलं होतं. माणसाने निवडून निवडून त्या कुत्र्याचा चेहराच तसा घडवला. त्यामुळे त्याचा केविलवाणेपणा बहुतेक वेळा नुसता घड्यांचा असतो, मात्र त्याची घरघर खरी असते. चपट्या नाकातून श्वास नीट जात नाही. पग घोरतो म्हणून हसणाऱ्यांनी त्याला उन्हात धाप लागलेली एकदा बघावी.

वजाबाकी करायची कशी? जनावर पोटभर खाऊन, सावलीत, ओळखीच्या जागी निवांत असताना त्याचे चार-पाच फोटो काढून ठेवा. समोरून आणि बाजूने, दोन्हीकडून. हा त्याचा पायाभूत चेहरा. यापुढे या फोटोंपेक्षा जे वेगळं दिसेल, त्यालाच हावभाव म्हणायचं. पंधरा वर्षं निवाऱ्यात काम केलेल्या माणसाला परक्या कुत्र्याबद्दल जे कळत नाही, ते तुमच्या कुत्र्याबद्दल तुम्हाला या चार फोटोंमुळे कळेल.

तिसरी पायरी: कान, डोळे, नाक, आणि तोंड सगळ्यात शेवटी

माणसाचे कान हलत नाहीत, म्हणून आपण जनावराच्या कानांकडे बघायला विसरतो. खरं तर गाय, घोडा, मांजर, कुत्रा या सगळ्यांचे कान म्हणजे त्यांचं वर्तमानपत्र आहे. टवकारलेले, एक पुढे एक मागे, ढिले बाजूला पडलेले, मागे चिकटवलेले, चपटे करून बाहेर वळलेले, असे प्रकार आधी ओळखायला शिका. अर्थाची घाई नको. लांब लोंबत्या कानांच्या कुत्र्यात टोकाकडे बघून काही कळणार नाही. कानाचं बूड पुढे सरकलंय की मागे ते बघा.

मग डोळे. तीन गोष्टी पाहायच्या: पापण्या ढिल्या आहेत की आवळलेल्या, डोळ्याच्या वरची कातडी ताणलेली आहे का, आणि पांढरं किती दिसतंय. आवळलेला डोळा आणि झोपाळू डोळा यांतला फरक सरावाने कळतो. झोपाळू डोळ्याभोवती सगळं सैल असतं, आवळलेल्याभोवती चुण्या पडतात.

त्यानंतर नाकपुड्या आणि मिश्या. नाकपुड्या फेंदारल्यात का, मुस्कट गोल आहे की ताणून चपटं झालंय.

तोंड शेवटी, कारण तोंडात एकाच वेळी खाणं, धाप, वास घेणं, भीती आणि धमकी अशी सगळी गर्दी असते. रेडा म्हशीच्या मुताचा वास घेऊन मान वर करतो, वरचा ओठ उलटा करतो आणि हिरडी दाखवत काही क्षण तसाच उभा राहतो. बोकड करतो, घोडा करतो, मांजरही थोडं तोंड उघडून करतं. टाळूच्या वर वास ओळखणारं एक वेगळं इंद्रिय असतं, तिथे तो वास पोहोचवायचा असतो. मादी माजावर आहे की नाही हे त्याला त्यावरून कळतं. मोबाइलवर 'घोडा खदखदून हसला' म्हणून जे फिरतं, त्यातलं पुष्कळसं हेच असतं. ते बघून आपण हसतो, तो चौकशी करत असतो.

चौथी पायरी: आजूबाजूचं मग बघा

प्रसंग बघितल्याशिवाय चेहरा कळत नाही, हे खरं. पण प्रसंग आधी बघितला की चेहरा दिसतच नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोना स्टेट विद्यापीठातल्या हॉली मोलिनारो आणि क्लाइव्ह विन यांनी २०२५ मध्ये हे फार सुंदर दाखवलं. त्यांनी एका कुत्र्याची चित्रफीत घेऊन कुत्रा आणि पार्श्वभूमी वेगळी केली आणि जोड्या बदलल्या. कुत्रा नकोशा प्रसंगातला, पण दृश्य सुखाचं असं लावलं की लोक म्हणायचे, कुत्रा खूश आहे. तेच कुत्रं, तीच हालचाल. आसपासची मांडणी बदलली की निकाल बदलला. लोक कुत्र्याकडे बघतच नव्हते.

म्हणून सराव असा करा. मोबाइलवर काढलेला व्हिडिओ आवाज बंद करून बघा, आणि जमलं तर कापून फक्त जनावर ठेवा. डावा रकाना भरा. मग आवाज सुरू करा, पूर्ण चौकट बघा, तासाभरापूर्वी काय घडलं ते आठवा आणि मगच उजवीकडे लिहा.

इथे आणखी एक अडचण आहे: तुम्ही स्वतः. बर्लिनमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हान्स नावाचा घोडा टाप आपटून गणितं सोडवायचा. ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये दाखवून दिलं की त्याला गणित येत नव्हतं. योग्य आकडा जवळ आला की प्रश्न विचारणाऱ्याच्या डोक्याची आणि चेहऱ्याची नकळत बारीकशी हालचाल व्हायची, ती बघून तो थांबायचा. माणसं घोडा वाचत होती आणि घोडा माणसं. तेव्हा निरीक्षण करताना वाकून, डोळ्यांत डोळे घालून, 'काय झालं माझ्या सोन्याला' असं विचारू नका. सोनं तुमच्या चेहऱ्याला उत्तर देईल आणि तुम्ही ते स्वतःहून आलेलं समजाल. मोबाइल स्टूलवर टेकवून ठेवा आणि लांब बसा.

कुत्रा: 'अपराधी' चेहऱ्याचं काय करायचं?

चप्पल फाडली आणि आता कान पाडून, नजर चुकवून बसलाय, म्हणजे त्याला चूक कळली आहे, हे तुम्ही शपथेवर सांगाल. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये चौदा कुत्र्यांवर याची परीक्षा घेतली. मालकाने खाऊ न खाण्याची ताकीद देऊन खोलीबाहेर जायचं. मागे कधी कुत्रा तो खायचा, कधी नाही, आणि मालकाला मात्र कधी खरं सांगितलं जायचं, कधी खोटं. खाल्ल्यामुळे तो चेहरा जास्त दिसला नाही. मालक रागावल्यामुळे दिसला. न खाता बोलणी खाल्लेल्या कुत्र्यांत तर तो आणखी ठळक होता. तो चेहरा 'चुकलो' म्हणत नाही. 'तू चिडलेली दिसतेस, मारू नको' एवढंच म्हणतो. मग तासाभराने घरी येऊन चप्पल नाकापुढे धरून ओरडण्याला काय अर्थ राहतो, ते तुम्हीच ठरवा.

आणि ती भुवई? तीही खरी आहे. ज्युलियान कामिन्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये चोवीस कुत्र्यांच्या चेहऱ्यांच्या नोंदी घेतल्या. माणूस त्यांच्याकडे तोंड करून असताना चेहरा जास्त हलला, पाठ फिरवल्यावर कमी. हातात खाऊ असण्या-नसण्याने फरक पडला नाही. २०१९ मध्ये याच गटाने दाखवलं की भुवई आतून वर उचलणारा स्नायू कुत्र्यांत ठळक असतो आणि लांडग्यांत जेमतेम. माणसाच्या सहवासात तो घडला असावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि तो जगभर गाजला. पुढे आफ्रिकेतल्या रानकुत्र्यांतही असे स्नायू चांगले वाढलेले सापडले, आणि त्यांना कोणी पाळलेलं नाही. त्यामुळे ही गोष्ट वाटली तितकी सरळ नाही. आपल्यापुरतं एवढंच, की भुवई वर गेली म्हणजे कुत्रा वर बघतोय आणि तुम्ही त्याच्याकडे बघताय. दुःखाचा पुरावा म्हणून ती धरू नका.

धरायच्या त्या गोष्टी या. सैल उघडं तोंड अचानक मिटलं, तर कुत्र्याने कशाची तरी दखल घेतली आहे. हात तिथेच थांबवा. अन्न समोर नसताना वारंवार जिभल्या चाटणं, झोप नसताना जांभया देणं, तोंड वळवून डोळे मात्र तुमच्यावर ठेवणं, म्हणजे डोळ्याच्या कडेला पांढरी चंद्रकोर दिसणं, ही अवघडल्याची चिन्हं. लहान मुलाने कुत्र्याच्या गळ्यात हात घातलेले घरातले फोटो काढून बघा. मूल हसत असतं, आई-बाबा खूश असतात आणि कुत्र्याच्या डोळ्याला चंद्रकोर असते.

यापुढची पायरी थिजण्याची. कुत्रा एकदम पुतळ्यासारखा झाला, श्वाससुद्धा रोखल्यासारखा वाटला, की गुरगुरण्याची वाट बघायची नाही. हळूच बाजूला व्हायचं. नजर भिडवायची नाही, पळायचं नाही.

दात दिसले तर नाकाकडे बघा. नाकावर घड्या, ओठ सरळ वर उचललेला, अंग ताठ, हा इशारा. अंग लवलवतं, डोळे बारीक, कान मागे, शेपूट खाली पण हलती, आणि पुढचे दात चमकले, तर ते लाचार होऊन केलेलं आर्जव आहे. काही कुत्री आयुष्यभर असे दात काढतात आणि बिचारी उगाच बदनाम होतात.

धापेचं हसूही ओळखून ठेवा. जीभ टोकाला रुंद झालेली, तोंडाच्या कडा मागे ओढून चुण्या पडलेल्या, मे महिन्याची दुपार. हे हसू नाही, कुत्रा तापलाय. सावली, पाणी, ओला कपडा. फोटो नंतर.

मांजर: दुखतंय का, हे पाच खुणांवरून

मांजराचा चेहरा आपल्याला कळत नाही, हे आता मोजून झालं आहे. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या चाचणीत सहा हजारांहून जास्त लोकांनी मांजरांचे छोटे व्हिडिओ बघून ते खूश की नाखूश ते सांगितलं. सरासरी बरोबर उत्तरं ५९ टक्के निघाली. नाणं उडवून ५० टक्के आली असती. मांजर पाळणारे यात फार पुढे नव्हते.

पण वेदनेसाठी एक साधन उपलब्ध आहे. माँट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी २०१९ मध्ये पाच खुणांची मोजपट्टी प्रसिद्ध केली. प्रत्येक खुणेला शून्य, एक किंवा दोन गुण, एकूण दहापैकी. घरी सहज जमते.

कान समोर वळलेले असतील तर शून्य, एकमेकांपासून किंचित फाकलेले असतील तर एक, चपटे होऊन बाहेर वळले असतील तर दोन. डोळे उघडे शून्य, अर्धवट मिटलेले एक, आवळून बारीक केलेले दोन. मुस्कट सैल आणि गोल असेल तर शून्य. ताणून लंबगोल झालं असेल तर दोन. मधलं काही असेल तर एक. मिश्या ढिल्या आणि वळणदार असतील तर शून्य, थोड्या सरळ झाल्या तर एक, ताठ सरळ होऊन पुढे आल्या तर दोन. डोकं खांद्याच्या रेषेच्या वर असेल तर शून्य, रेषेत असेल तर एक, खाली गेलं किंवा हनुवटी छातीकडे झुकली तर दोन.

बेरीज चार किंवा जास्त झाली तर वेदनाशामक द्यायचा विचार डॉक्टर करतात, म्हणजे तुम्ही दवाखाना गाठायचा. झोपलेलं, खात असलेलं, अंग चाटणारं किंवा ओरडणारं मांजर मोजायचं नाही. जागं आणि स्वस्थ बसलेलं असताना अर्धा मिनिट लांबून बघायचं, आणि शंका असेल तर थोड्या वेळाने पुन्हा.

एक गोष्ट इथे ठळकपणे सांगते. घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला देऊ नका. अर्धी नाही, पावसुद्धा नाही. मांजराच्या यकृताला ते औषध पचवता येत नाही आणि जीव जातो. दरवर्षी कोणीतरी प्रेमापोटी हे करतं.

आवळलेल्या डोळ्यांचा आणि मायेच्या डोळ्यांचा घोळ मात्र करू नका. सैल चेहऱ्याचं मांजर तुमच्याकडे बघत हळूहळू पापण्या मिटतं आणि उघडतं, तेव्हा त्याला बरं वाटत असतं. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या २०२० च्या प्रयोगांत माणसाने मांजराकडे बघून असेच सावकाश डोळे मिटले, तर मांजरंही तसं करत होती आणि अनोळखी माणसाच्या हाताकडे यायला जास्त राजी होती. करून बघा. टक लावून नाही, पापण्या जड झाल्यासारख्या मिटायच्या आणि नजर बाजूला न्यायची. आमच्या निवाऱ्यात नव्या मांजराशी ओळख करून घ्यायची हीच पद्धत आहे.

गाय, बैल, म्हैस

'गरीब गाय' म्हणून आपण मोकळे होतो. गाय गरीब दिसते कारण शिकार होणाऱ्या प्राण्याला दुखणं लपवावं लागतं. कळपात जो लंगडतो तोच आधी मारला जातो. त्यामुळे तिच्या चेहऱ्यावरचे बदल बारीक असतात आणि गोठ्यात माणूस शिरला की तेही पुसले जातात. दारातून, तिला न कळता बघा.

डेन्मार्कमध्ये २०१५ च्या सुमारास दुभत्या गायींचा 'वेदनेचा चेहरा' मांडला गेला. कान मागे ताणलेले किंवा खाली पडलेले, डोळ्याच्या वर घट्ट झालेली कातडी, ताणलेल्या नाकपुड्या, तोंडाभोवती आवळलेपणा. त्यासोबत खाणं कमी आणि डोकं खाली. आमच्या आजोबांना डेन्मार्क ठाऊक नव्हतं, पण 'कान पाडलेत' म्हटलं की ते वैरण टाकायच्या आधी खूर बघायचे.

व्यालेल्या गायीचे कान हाताला गार लागत असतील, ती उठत नसेल, मान पोटाकडे वळवून बसली असेल, तर तो चेहरा 'थकलेल्या आईचा' नाही. अंगातलं कॅल्शियम उतरल्याची ती खूण असू शकते. डॉक्टरला त्याच वेळी फोन करा, सकाळपर्यंत थांबू नका.

डोळ्याचं पांढरं जास्त दिसलं की गाय घाबरली, असं सरसकट म्हणू नका. नॉर्वेत भुकेल्या गायींपुढे झाकण लावलेल्या पारदर्शक पेटीत खाद्य ठेवलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांतलं पांढरं वाढलं. दिसतंय पण मिळत नाही, याची ती तगमग. म्हणजे पांढरं हे खळबळीचं माप आहे. कसली खळबळ, ते गव्हाणीत, दाराबाहेर आणि आसपासच्या कुत्र्यांत शोधावं लागतं.

आता रडणारी गाय. बाजारात विकायला काढलेल्या बैलाच्या डोळ्यांतून पाणी वाहतं, हे आपण कथा-कवितांतून इतकं ऐकलंय की बघताक्षणी आपलाच गळा दाटतो. बैलाला नवी जागा, गर्दी, टेम्पो याचा त्रास होत नाही असं मी म्हणत नाही. होतोच, आणि तो कान, पांढरं, शेण पातळ होणं यांत दिसतो. पण पाणी वाहत असेल तर आधी डोळा तपासा. एकाच डोळ्यातून वाहतंय? कुसळ अडकलं असेल. दोन्हींतून? टेम्पोतली धूळ, माश्या, डोळ्यांची साथ. स्वच्छ कोमट पाण्याने बाहेरून धुवा आणि डॉक्टरला दाखवा. नुसता गळा दाटून डोळा बरा होत नाही. हत्तीच्या गालावरून वाहणारं पाणीही पुष्कळदा अश्रू नसतात. डोळा आणि कान यांच्या मधल्या ग्रंथीतून येणारा तो मद असतो, आणि असा नर समोर असेल तर सहानुभूती लांबूनच दाखवावी.

घोडा

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात उभं राहून सराव करायला हरकत नाही. कान ताठ मागे, डोळा अर्धवट आवळलेला, डोळ्यावरचं हाड उठून दिसणारं, चघळायचे स्नायू गालावर टरारलेले, खालचा ओठ घट्ट होऊन हनुवटी टोकदार, नाकपुड्या ताणलेल्या. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेली घोड्यांच्या वेदनेची मोजपट्टी याच सहा खुणांवर उभी आहे. सजवलेल्या, रेशमी गोंडे लावलेल्या घोड्याचा 'रुबाबदार' चेहरा या सहांशी ताडून बघा. कधीकधी रुबाब लगामाच्या कडीने दुखणाऱ्या तोंडाचा असतो.

माकड: इथे चूक महागात पडते

आपली भाषा या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणी आहे. मराठीत माकड हसत नाही, दात विचकतं.

लाल तोंडाची माकडं ओठ मागे ओढून दोन्ही बाजूंचे दात दाखवतात, तेव्हा ती बहुधा घाबरलेली किंवा नमतं घेणारी असतात. चिंपांझींचंही असंच. ३१ जानेवारी १९६१ रोजी अमेरिकेने हॅम नावाच्या चिंपांझीला अंतराळात पाठवून परत आणलं. त्याचा दात दाखवतानाचा फोटो 'खुशीत परतला' म्हणून लोकांनी बघितला. चिंपांझींचा जन्मभर अभ्यास केलेल्या जेन गुडॉल यांना त्यात कमालीची भीती दिसली. मात्र सगळ्या माकडांना एकच नियम लावता येत नाही. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या काळ्या तुरेवाल्या माकडांत तोच दात दाखवणारा चेहरा मैत्रीसाठीही वापरला जातो. २०११ मध्ये गाजलेल्या 'माकडाच्या सेल्फी'तलं माकड याच जातीचं.

धमकी मात्र आपल्याला धमकीसारखी दिसतच नाही. भुवया वर, कान मागे, टक लावलेली नजर आणि उघड्या तोंडाचा गोल चंबू. दात फारसे नाहीत. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनी लोकांना बार्बरी माकडांचे फोटो दाखवले, तेव्हा धमकीचे चेहरेही पुष्कळांना मैत्रीचे वाटले. ही माकडं मोरोक्कोत पर्यटकांच्या गराड्यात राहतात आणि तिथे 'मला पापी देतोय' म्हणून तोंड पुढे करणारे लोक आहेत. पुढे काय होतं, ते सांगायला नको.

माथेरान, महाबळेश्वर, कुठलाही गडावरचा देवळाचा पार, सगळीकडे करायचं एकच. दात दाखवून हसायचं नाही. तुमचं हसू माकडाला काय सांगतं ते तुमच्या हातात नाही. डोळ्यांत बघायचं नाही. कणीस, वेफर्सचं पाकीट आधीच पिशवीत आणि पिशवी पोटाशी. चंबू दिसला तर पाठ न दाखवता तिरकं मागे सरकायचं. पिल्लू आणि आई यांच्या मध्ये फोटोसाठी कधीही उभं राहायचं नाही.

चावलं किंवा नखाने रक्त काढलं, मग ते माकड असो, कुत्रा असो वा मांजर, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं. घड्याळ लावून पंधरा. हळद, चुना, मिरची काही नाही. आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखान्यात जायचं. त्या जनावराचा चेहरा कसा होता, ते वहीत नंतर लिहिता येईल.

डॉक्टरकडे जाताना

दवाखान्याच्या टेबलावर मांजर थिजतं, कुत्रा धापा टाकतो, आणि घरी जे दिसत होतं ते नेमकं तिथे दिसत नाही. म्हणून तीन गोष्टी बरोबर न्या. निवांत असतानाचे ते जुने फोटो. गेल्या दोन दिवसांतले तीस-तीस सेकंदांचे व्हिडिओ, लांबून, समोरून आणि बाजूने काढलेले. आणि वहीचं पान.

पान पुढे करताना उजवा रकाना दुमडून ठेवा. मागच्या महिन्यात एका काकूंनी त्यांच्या बोक्याबद्दल दोन पानं आणली होती. उजवीकडे भरगच्च लिहिलं होतं की सून माहेरी गेल्यापासून तो उदास आहे, कुणाशी बोलत नाही. डावीकडे तीनच ओळी होत्या: डोळे बारीक, डोकं खाली, मातीच्या डब्यात चार वेळा गेला पण ओलं झालं नाही. डॉक्टरांनी डावीकडच्या वाचल्या आणि बोक्याला लगेच आत घेतलं. मूत्रमार्ग तुंबला होता.